फॅटी लिव्हर ‘ग्रेड टू’ आलंय? ग्रेड बाजूला ठेवा, आधी हा दुसरा आकडा काढा

आजकाल कुणीही फुल बॉडी चेकअप केलं की सोनोग्राफीच्या रिपोर्टमधे खाली एक ओळ बऱ्याचदा असते, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ नाहीतर ‘ग्रेड टू’, आणि मग ती ओळ घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जाते, मामा लिहितात काही नाही रे सगळ्यांनाच असतं, मावशी लिहिते अमक्यांना यातूनच सिरोसिस झाला होता, आणि ज्याचा रिपोर्ट आहे त्याला कळत नाही की कुणाचं ऐकायचं. मी इंदूरात एका पॅथॉलॉजी लॅबमधे आहे. डॉक्टर नाही, पण रिपोर्ट हातात देताना लोक जे विचारतात त्यात सध्या हा प्रश्न सगळ्यात वर आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधे लठ्ठपणाचा विषय काढून तेल १० टक्के कमी करा असं सांगितलं, तेव्हापासून तर जास्तच.

मामा आणि मावशी दोघंही खरं बोलतायत. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेक लोकांचं लिव्हर आयुष्यभर ठीक चालतं, आणि थोड्या लोकांचं खरंच खराब होत जातं. आपण कुठल्या गटात आहोत हे त्या ग्रेडवरून कळत नाही, ते कळायचा आकडा वेगळा आहे, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याच फाइलमधे पडलेला असतो, फक्त कुणी काढलेला नसतो. हा सगळा लेख त्या आकड्यासाठी, म्हणजे फिब-४ साठी आहे.

लिव्हरमधे चरबी येते कुठून

लिव्हर म्हणजे यकृत, उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली, मोठ्या माणसात साधारण सव्वा ते दीड किलोचं. आपण खाल्लेलं सगळं आतड्यातून रक्तात गेलं की बरंचसं आधी लिव्हरमधूनच जातं. साखर, मैदा, भात, गोड जास्त झालं आणि खर्च झालं नाही तर लिव्हर त्याची चरबी बनवतं. शिवाय पोटाच्या घेराभोवती जी चरबी साठलेली असते तीही तिकडे सरकते, विशेषतः इन्सुलिन नीट काम करेनासं झालं असेल तर. लिव्हरच्या १०० पेशींपैकी ५ पेक्षा जास्तीत चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

मोठ्या माणसांत हे किती आहे? भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा साधारण ३८ टक्के निघाले होते. म्हणजे एका लग्नाच्या पंगतीत बसलेल्या लोकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. सरकारने २०२१ मधेच याला डायबिटीस, बीपी, कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं आणि २०२४ च्या सप्टेंबरमधे डॉक्टरांसाठी नव्या गाइडलाइन्स काढल्या.

एक नाव मात्र लक्षात ठेवा. रिपोर्टवर पूर्वी एनएएफएलडी लिहायचे, २०२३ पासून एमएएसएलडी लिहायला लागलेत. आजार तोच आहे, दोन कागदांवर दोन नावं दिसली म्हणून घाबरू नका.

चरबी वेगळी आणि फायब्रोसिस वेगळं

इथे जरा थांबून वाचा, बाकी सगळं यावरच उभं आहे.

चरबी साठली एवढ्याने लिव्हर लगेच बिघडत नाही. पण काही लोकांत त्या चरबीमुळे लिव्हरला आतून सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहते, पेशी मरतात, आणि त्या जागी शरीर चिवट धाग्यांसारखं टिश्यू भरत जातं. या धाग्यांना फायब्रोसिस म्हणतात. चोइथराम मंडीत भेंडी घेताना आपण रंग बघत नाही, टोक मोडून बघतो, कोवळी असली तर कट्कन मोडते आणि जून झाली असली तर वाकते पण तुटत नाही, आत धागे धरलेले असतात. लिव्हरचं अगदी तसंच, वरून हिरवीगार दिसणारी भेंडी आतून जून असू शकते आणि वरून चरबीने पांढरं दिसणारं लिव्हर आतून कोवळंच असू शकतं. सोनोग्राफीचा ग्रेड हा रंग बघणं झालं. टोक मोडून बघायचं राहिलेलंच असतं.

फायब्रोसिसच्या पायऱ्या एफ-० ते एफ-४ अशा मोजतात. एफ-० म्हणजे धागे नाहीत, एफ-४ म्हणजे सिरोसिस, लिव्हर आकसलेलं, गाठीगाठींचं, रक्त आतून नीट वाहत नाही. एफ-२ पासून पुढे लिव्हरच्या आजाराने दगावण्याचा धोका ठळकपणे वाढायला लागतो. चांगली गोष्ट ही की हे सगळं फार हळू चालतं. ज्यांच्यात नुसती चरबी आहे त्यांना एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं लागतात, सूज पण आहे अशांना सरासरी ७. सरासरी आहे हं, काहींचं भराभर जातं. पण बहुतेकांकडे वेळ असतो, आणि सुरुवातीच्या पायऱ्या वजन कमी झालं की उतरताही येतात.

मग सोनोग्राफीत ग्रेड लिहितात कशाला

कारण सोनोग्राफीत चरबी चमकते. लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा पांढरं दिसायला लागलं की ग्रेड वन, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा अंधुक व्हायला लागल्या की ग्रेड टू, मागचा भाग दिसेनासाच झाला की ग्रेड थ्री. हे डोळ्यांनी ठरवायचं असतं, त्यामुळे आज एका सेंटरवर ग्रेड वन आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सेंटरवर ग्रेड टू असं होतं, आणि लोक काउंटरवर येऊन म्हणतात आठ दिवसांत वाढलं! वाढलेलं नसतं, बघणारा डोळा बदललेला असतो. आणि चरबी साधारण २० ते ३० टक्क्यांपर्यंत पोचेपर्यंत सोनोग्राफीला ती नीट दिसतही नाही.

म्हणून सोनोग्राफी वाया गेली असं नाही. चरबी आहे हे कळलं, पित्ताशयात खडे आहेत का ते कळलं, पोटात पाणी नाही, कुठली गाठ नाही हे कळलं. फक्त ‘ग्रेड वन म्हणजे निवांत आणि ग्रेड थ्री म्हणजे संपलं’ हे समीकरण डोक्यातून काढा.

तुमच्याच फाइलमधून निघणारा आकडा

हाच तो फिब-४. २००६ मधे हा फॉर्म्युला निघाला तेव्हा तो एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या पेशंटसाठी होता, म्हणजे त्यांची सारखी सारखी बायॉप्सी (सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासणं) करावी लागू नये म्हणून, पण नंतर फॅटी लिव्हरमधेही तो उपयोगी पडतो असं दिसलं आणि आता जगभर पहिली चाळणी म्हणून हाच वापरतात. वेगळी टेस्ट लागत नाही. चार गोष्टी लागतात, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. पहिली तर तुम्हाला माहीतच आहे, मधल्या दोन एलएफटीच्या म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीच्या कागदावर असतात (कुठे कुठे एएसटी आणि एएलटी लिहिलेलं असतं, तेच ते), आणि प्लेटलेट सीबीसीच्या म्हणजे रक्तातल्या पेशी मोजतात त्या कागदावर.

हिशोब असा. वयाला एसजीओटीने गुणा. हे झालं वरचं. मग प्लेटलेट हजारात घ्या, म्हणजे १.९ लाख असतील तर १९०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणा. हे झालं खालचं. वरच्याला खालच्याने भागा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की वर्गमूळाचं बटण येतं.

समजा ३८ वर्षांचा एक जण आहे, एसजीओटी ३६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २.६ लाख. वर ३८ गुणिले ३६ म्हणजे १३६८. ४९ चं वर्गमूळ ७, खाली २६० गुणिले ७ म्हणजे १८२०. भागलं की ०.७५. हा १.३ च्या खाली आहे, म्हणजे पुढे गेलेलं फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. याच्या सोनोग्राफीत ग्रेड टू लिहिलेलं असलं तरी आज याला मोठ्या डॉक्टरांची गरज नाही, वजनाकडे बघायचं आणि दोन-तीन वर्षांनी परत हाच हिशोब करायचा. डायबिटीस असेल तर वर्षा-दोन वर्षांनी.

दुसरे समजा ५२ वर्षांचे, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९ लाख. वर २४९६, खाली १९० गुणिले ८ म्हणजे १५२०, उत्तर १.६४. हे मधलं. १.३ ते २.६७ मधे असलं की नक्की सांगता येत नाही, पुढची टेस्ट, म्हणजे फायब्रोस्कॅन करायची.

२.६७ च्या वर गेलं की मग घरी बसायचं नाही, स्पेशालिस्टकडे जायचं.

तीन गोष्टी सांभाळा. ६५ च्या पुढच्या लोकांत वयामुळेच आकडा फुगतो, म्हणून त्यांच्यासाठी खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात. ३५ च्या आतल्यांमधे हा आकडा फारसा भरवशाचा नाही. आणि तिसरी, जी आपल्याकडे पावसाळ्यात फार होते, डेंग्यू किंवा कुठलाही ताप, कावीळ चालू असताना काढलेल्या रिपोर्टवर हा हिशोब करूच नका. डेंग्यूत प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढतो, आणि आकडा कुठल्या कुठे जातो. बरं होऊन महिना-दीड महिना झाला की केलेले रिपोर्ट घ्या.

पण एसजीपीटी नॉर्मल आहे ना, मग काय चिंता

हे मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लोक एलएफटीचा कागद घेतात, ठळक अक्षरात काही आलेलं नाही ना एवढं बघतात आणि घडी करून ठेवतात.

समजा ६१ वर्षांच्या एक काकू आहेत, डायबिटीस बऱ्याच वर्षांपासून, एसजीपीटी २५, एकदम नॉर्मल. एसजीओटी ४४, जरासा वर. प्लेटलेट १.२ लाख, त्यावर कुणी फार बोलत नाही कारण ‘थोडे कमी आहेत, पपईच्या पानाचा रस घ्या’ एवढ्यावर विषय संपतो. आता हिशोब करा. वर ६१ गुणिले ४४ म्हणजे २६८४. खाली १२० गुणिले ५ म्हणजे ६००. उत्तर ४.४७! वरच्या दोघांपेक्षा एसजीपीटी सगळ्यात चांगलं यांचं आणि लिव्हर सगळ्यात जास्त धोक्यात असण्याची शक्यता पण यांचीच.

असं का होतं तर एसजीपीटी हे पेशी फुटल्यावर रक्तात सांडणारं एन्झाइम आहे, म्हणजे आत्ता किती तोडफोड चालू आहे ते सांगतं, आधी किती होऊन गेली ते सांगत नाही. लिव्हर खूप जून झालं की फुटायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी खाली येतं. प्लेटलेट कमी होण्याचं कारण म्हणजे लिव्हर कडक झाल्यावर रक्ताला आतून जायला अडथळा होतो, मागे प्रेशर वाढतं, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. म्हणून प्लेटलेट वर्षानुवर्षं दीड लाखाच्या खाली असतील आणि डायबिटीस किंवा लठ्ठपणा असेल तर पपईच्या पानाच्या आधी लिव्हरचा विचार करा, डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

टाइप टू डायबिटीसच्या प्रत्येक पेशंटचा फिब-४ काढावा असं आता डायबिटीसच्या गाइडलाइन्सच सांगतात, मग सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलेलं असो की नसो.

फायब्रोस्कॅन म्हणजे नेमकं काय करतात

ही ती टोक मोडून बघायची टेस्ट. सुई नाही, भूल नाही, रेडिएशन नाही. आधी कमीत कमी तीन तास काही खायचं नाही. पाठीवर झोपवतात, उजवा हात डोक्याखाली, उजव्या बरगड्यांच्या मधे जेल लावतात आणि एक जाडसर पेनासारखं प्रोब टेकवतात. बटण दाबलं की आतून टिचकी मारल्यासारखा एक धक्का बसतो, दुखत नाही, पण पहिल्यांदा माणूस दचकतो. तो धक्का लिव्हरमधून लाटेसारखा पुढे जातो, कडक लिव्हरमधून लाट जोरात पळते आणि मऊमधून सावकाश, मशीन तो वेग मोजतं. अशा दहा चांगल्या रीडिंग्ज घेतात. सगळं मिळून दहाएक मिनिटं.

रिपोर्टवर दोन आकडे येतात. एक कॅप, तो चरबीचा. दुसरा किलोपास्कलमधे, तो कडकपणाचा, आणि आपल्याला मुख्य तोच बघायचा आहे. ८ च्या खाली असलं तर पुढे गेलेलं फायब्रोसिस बहुतेक नाही. १२ च्या वर असलं तर असण्याची शक्यता बरीच. मधलं असलं तर डॉक्टर ठरवतील की परत करायची, दुसरी काही टेस्ट करायची की क्वचित बायॉप्सी.

ही टेस्ट पण फसते. पोहे-जलेबी खाऊन गेलात तर कडकपणा जास्त दाखवते, कारण जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं. कावीळ चालू असेल, एसजीपीटी खूप चढलेलं असेल, हार्ट फेल्युअर असेल तरी आकडा खोटा वाढतो. पोटात पाणी भरलं असेल तर होतच नाही. जास्त वजनाच्या माणसाला मोठा प्रोब लागतो, तो सेंटरवर आहे का ते आधी फोन करून विचारा. कधीकधी कॅम्पमधे ही टेस्ट स्वस्तात किंवा फुकट होते, करून घ्यायला हरकत नाही, पण भर दुपारी कॅम्पमधे जेवण करून रांगेत उभं राहून केलेल्या टेस्टचा आकडा बघून रात्रभर जागू नका, उपाशीपोटी परत करा.

मी पीत नाही, जाडही नाही, मग मला कसं

पीत नसलेल्यांचंच हे दुखणं आहे मुख्यतः. आणि जाडीचं म्हणाल तर आपल्या लोकांचं शरीर जरा वेगळं आहे, हातपाय बारीक आणि पोट पुढे, वजनकाट्यावर काही वाटत नाही पण चरबी पोटात असते. म्हणून आपल्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० सेंटिमीटर ही रेघ आहे. शिंप्याकडची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर, श्वास न ओढता मोजा. काही घरांमधे गुणसूत्रांतूनच लिव्हरमधे चरबी साठवायची सवय येते, तिथे बारीक माणसालाही होतं.

दारूबद्दल एवढंच की फॅटी लिव्हर असताना ‘फक्त वीकेंडला’ हे पण नको. दोन्ही मिळून लिव्हरला जो मार बसतो तो एकेकट्यापेक्षा फार जास्त असतो.

आणि हो, लिव्हर बिघडायचं कारण फॅटी लिव्हरच असेल असं धरून चालू नका. हिपॅटायटिस बी आणि सी ची टेस्ट आयुष्यात एकदा तरी करून घ्या, विशेषतः कधी रक्त चढवलं असेल, डायलिसिस झालं असेल, घरात कुणाला असेल तर. हिपॅटायटिस सी आता बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, १०० पैकी ९५ च्या वर लोक, आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याच्या टेस्ट आणि गोळ्या सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात. फॅटी लिव्हरच्या नावाखाली सी राहून जाणं ही टाळता येण्यासारखी गोष्ट आहे.

मग काय, सगळ्यांनी गॅस्ट्रोकडेच पळायचं?

अजिबात नाही, आणि हे मी ठामपणे लिहिते. तिघांतल्या एकाला असणाऱ्या गोष्टीसाठी सगळे जर गॅस्ट्रोच्या ओपीडीत बसले तर ज्याला खरंच गरज आहे त्याला नंबर लागायचा नाही. खंडवा, खरगोन, धारहून लोक पहाटेची बस धरून इंदूरला दाखवायला येतात, त्यांच्या पुढे ०.७५ वाला माणूस बसलेला असतो.

तुमचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन फिब-४ काढू शकतात, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सांभाळू शकतात, आणि खरं सांगायचं तर फॅटी लिव्हरच्या पेशंटना लिव्हरपेक्षा हार्टचाच धोका जास्त असतो, त्यामुळे तेच काम आधीचं आहे. स्पेशालिस्टकडे जायचं ते फिब-४ २.६७ च्या वर असेल, फायब्रोस्कॅन ८ च्या वर असेल, एसजीपीटी सहा महिने झाले तरी खाली येत नसेल, किंवा कारणच कळत नसेल तेव्हा.

कोण कुठला डॉक्टर यातही गोंधळ होतो. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षं मेडिसिनचं एमडी आणि त्यानंतर आणखी तीन वर्षं डीएम केलेला फिजिशियन, पोट, आतडी, लिव्हर, स्वादुपिंड सगळं बघतो, एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी करतो. हिपॅटॉलॉजिस्ट त्यातला फक्त लिव्हरवाला. आणि पाटीवर गॅस्ट्रो सर्जन लिहिलं असेल तर ते ऑपरेशन करणारे, एमएस नंतर एमसीएच. फॅटी लिव्हरसाठी सर्जनकडे फाइल घेऊन जायची गरज नाही. पाटीवर डिग्री बघा, नुसतं ‘पोट विकार तज्ज्ञ’ लिहिलं असेल तर विचारा, विचारण्यात अपमान नाही.

खालचं काही झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा, एम.वाय. असो की जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी, डोळे पिवळे, पोट अचानक फुगणं, आणि माणूस गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं, दिवसा झोपणं आणि रात्री जागं राहणं. शेवटचं घरच्यांना म्हातारपण वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टॉनिक, काढा आणि नवीन इंजेक्शन

मेडिकलवरून आणलेल्या लिव्हर टॉनिकने फायब्रोसिस कमी होतं याला पुरावा नाही. त्यापेक्षा मोठी अडचण घरगुती वाटणाऱ्या गोष्टींची आहे. करोनाच्या काळात गुळवेल सगळेच घ्यायला लागले, आणि २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, वाद झाला. हळदीच्या जास्त डोसच्या कॅप्सूलमुळेही बाहेरच्या देशात असे पेशंट सापडलेत, भाजीतल्या हळदीचा इथे संबंध नाही. माझं एवढंच म्हणणं की कुठलाही काढा, चूर्ण, जिमची पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

उलटी चूक पण होते. फॅटी लिव्हर आलं म्हणून लोक आपल्या मनाने कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बंद करतात, ‘लिव्हरला त्रास होतो’ ऐकलेलं असतं. फॅटी लिव्हरमधे स्टॅटिन सहसा सुरक्षित आहे आणि हार्टसाठी लागतेच, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

नवीन औषधं आलीत. अमेरिकेत २०२४ च्या मार्चमधे रेस्मेटिरॉम आणि २०२५ च्या ऑगस्टमधे सेमाग्लुटाइड सूज आणि मधल्या पायऱ्यांवरचं फायब्रोसिस असलेल्यांसाठी मंजूर झालं. आपल्याकडे सॅरोग्लिटाझार २०२० पासून या आजारासाठी मंजूर आहे. पण ही औषधं एफ-० वाल्यांसाठी नाहीत, आणि एफ कुठला हे कळल्याशिवाय औषध मागण्यात अर्थ नाही. म्हणजे परत तोच आकडा.

औषधाशिवाय काय, आणि इंदूरात राहून कसं

वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते, ७ टक्क्यांना सूज उतरते, १० टक्क्यांना फायब्रोसिसही मागे जाऊ शकतं. ८० किलोच्या माणसाचं म्हणाल तर ४, साडेपाच आणि ८ किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून जोरात नाही, उपाशी राहून भराभर उतरवलं तर लिव्हर उलट बिघडतं. बारीक असाल तर ३ ते ५ टक्क्यांनीही फरक पडतो.

आपल्या शहरात खाणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. सकाळी पोह्यांवर शेव आणि बरोबर जलेबी, दुपारी कचोरी, उन्हाळ्यात शिकंजी, थंडीत गराडू, आणि रात्री साडेअकराला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत. मी कुणाला सराफा बंद करा म्हणणार नाही. पण माझ्या मते लिव्हरला सगळ्यात जास्त नडते ती साखर, विशेषतः प्यायची आणि रोजची, त्यानंतर रात्री उशिरा खाऊन लगेच झोपणं. पोहे राहू द्या, जलेबी महिन्यातून एकदा. कोल्ड्रिंक, पॅकेटातला ज्यूस, आणि ‘फळांचा आहे’ म्हणून साखर घालून घेतलेला ज्यूसही बंद. कॉफी चालते, अभ्यासांमधे रोज दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांत फायब्रोसिस कमी दिसलंय, फक्त साखर आणि साय नको. आणि आठवड्याला दीडशे मिनिटं जोरात चालणं, इतकं की गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल.

सिरोसिसच निघाला तर

तरी संपत नाही. सिरोसिस असून वर्षानुवर्षं कामधंदा करणारे लोक आहेत, त्यांना फक्त नेमाने दाखवावं लागतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बरोबर एएफपी नावाची रक्ताची टेस्ट, कारण लिव्हरचा कॅन्सर लहान असताना सापडला तर इलाज होतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का ते एंडोस्कोपीने बघतात, असतील तर रबराचे बँड लावतात किंवा गोळ्या देतात, त्यामुळे रक्ताची उलटी टळते. फायब्रोस्कॅन २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर ती एंडोस्कोपी सध्या टाळताही येते, हे डॉक्टरांना जरूर विचारा. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. मीठ कमी, पण प्रोटीन कमी करू नका, डाळ, पनीर, अंडी पाहिजेतच, आणि रात्री झोपताना थोडं काहीतरी खाऊन झोपायचं.

अगदीच पुढे गेलं तर ट्रान्सप्लांट. घरातलं कुणी लिव्हरचा तुकडा देऊ शकतं, देणाऱ्याचं काही आठवड्यांत भरून येतं. आणि इंदूरात २०१५ पासून कितीतरी घरांनी ब्रेनडेड झालेल्या आपल्या माणसाचे अवयव दिलेत, ग्रीन कॉरिडॉर करून ट्रॅफिक थांबवलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय.

जाताना फाइलमधे काय ठेवायचं

आयुष्मान कार्डाचं आधी सांगते, कारण लोक कार्ड घेऊन फायब्रोस्कॅनला जातात. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख आहेत आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता मिळतं, पण ते भरती झाल्यावरचं आहे, ओपीडीतली तपासणी आणि नुसती टेस्ट त्यात धरत नाहीत. त्याचे पैसे वेगळे लागतील.

फाइलमधे या वर्षीचेच नाही तर जुने सगळे सीबीसी आणि एलएफटी तारखेप्रमाणे लावून न्या, प्लेटलेट पाच वर्षांत २.४ वरून १.६ वर आले असतील तर ते डॉक्टरांना एका रिपोर्टवरून दिसणार नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, काढे-चूर्णांच्या बाटल्यांचे फोटो. शुगरचा एचबीएवनसी. हिपॅटायटिस बी आणि सी चे रिपोर्ट असतील तर. आणि पहिल्या कागदावर पेनाने वर कोपऱ्यात तुमचा फिब-४ आणि कुठल्या तारखेच्या रिपोर्टवरून काढला ते लिहून ठेवा.